भांडवल, कसब आणि विश्वास : भागीदारीच्या इतिहासातील काही पाने

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'व्यापार' या विषयावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा प्रथम मी नकारच दिला. आमची लेखणी आयुष्यभर रोजमेळ आणि खतावणी यांतच फिरली. परंतु न्यासाची जुनी दप्तरे पाहण्याचे काम या निमित्ताने माझ्याकडे आले आणि पहिल्या वर्षाची देणगी वही चाळताना एका गोष्टीने माझे लक्ष वेधून घेतले. त्या गोष्टीनेच हा लेख लिहावयास भाग पाडले.

भगवान महावीरांचा २५०० वा निर्वाण महोत्सव १९७४-७५ या वर्षी देशभर साजरा झाला. त्याच भारलेल्या वातावरणात आपल्या पेठेतील काही व्यापाऱ्यांनी हा न्यास स्थापन केला. कापडाच्या गाठीमागे आणि धान्याच्या पोत्यामागे काही पैसे 'धर्मादा' म्हणून बाजूला काढावयाचे आणि त्यातून बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची राहण्याजेवण्याची सोय करावयाची, अशी ती योजना होती. आजवर मी समजत होतो की ही सारी रक्कम आपल्याच समाजाची. प्रत्यक्षात वहीत एका लिंगायत अडत्याचे नाव आहे, गुळाच्या एका मराठा व्यापाऱ्याचे आहे, सुताचा व्यापार करणाऱ्या एका मोमीन गृहस्थांचे आहे. रकमा मोठ्या नाहीत. परंतु ज्या संस्थेला आपण अभिमानाने 'आपली' म्हणतो, तिच्या पायाचे काही दगड आपल्या गोतावळ्याबाहेरून आले होते, हे निःसंशय.

व्यापारी समाजाच्या प्रगतीची कथा सांगताना आपण काटकसर, सचोटी आणि एकत्र कुटुंब या तीन गुणांचा उल्लेख करतो. तो यथार्थच आहे. तथापि या गुणांनी दुकान टिकते. ते वाढते मात्र बहुधा चौथ्या गोष्टीमुळे. आपल्याजवळ जे नाही ते ज्याच्याजवळ आहे, अशा परक्या माणसाशी केलेली भागीदारी ही ती चौथी गोष्ट होय. आपल्याच प्रदेशातील दोन उदाहरणांच्या आधारे हे मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सावकाराचा मुलगा आणि रेल्वेचा कारकून

शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव ठाऊक नाही असे जैन घर महाराष्ट्रात क्वचितच असेल. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. सोलापुरात सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा व्यवसाय होता. पैसा होता, पत होती, नात्यागोत्याचे जाळे होते. तरुण वालचंदांनी गादीवर बसून व्याज मोजले असते तरी त्यांचे आयुष्य सुखात गेले असते. परंतु घरच्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही.

त्यांच्या आयुष्याला वळण दिले ते लक्ष्मणराव बळवंत फाटक यांनी. फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. रेल्वेची कामे कशी निघतात, मोजमाप कसे होते, बिले कशी मंजूर होतात, मजूर कोठून आणावे लागतात, या सर्वांची त्यांना माहिती होती. त्यांच्याजवळ नव्हते ते भांडवल. वालचंदांच्या घरी भांडवल होते; नव्हती ती या व्यवसायाची माहिती. दोघांनी मिळून रेल्वेची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला. फाटक-वालचंद असे त्या पेढीचे नाव होते.

वाचकांनी या नावातील क्रम पाहावा. ज्याने पैसा आणला त्याचे नाव मागे आणि ज्याने माहिती आणली त्याचे नाव पुढे. त्या काळी सावकार आणि कारकून यांचे नाते काय असे, हे ज्यांनी आजोबांकडून ऐकले आहे, त्यांना या क्रमाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. जातीने, सवयीने आणि सांपत्तिक स्थितीने भिन्न असलेली ही दोन माणसे होती. त्यांच्यात समान होते ते एकच : एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावयाची.

मातीकाम आणि रेल्वेची कामे यांपासून सुरू झालेला हा प्रवास पुढे टाटांशी सहकार्य होऊन टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीपर्यंत गेला. १९२६ साली वालचंदांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटातील बोगदे आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणाऱ्या जलवाहिन्या ही वालचंदांच्या कंपन्यांची कामे आजही त्यांची साक्ष देतात.

हीच रीत त्यांनी पुढे समुद्रावर नेली. १९१९ साली शिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली. तिच्या उभारणीत वालचंदांबरोबर नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास होते. भाटिया, जैन, ब्राह्मण असा तो मेळ होता. कोणाचा कापडगिरण्यांचा अनुभव, कोणाची बाजारातील पत, कोणाचा सरकारदरबारी व सहकारक्षेत्रातील वावर. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेली 'लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. त्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. परदेशी कंपन्यांनी वाहतुकीचे दर पाडून या नव्या कंपनीचा श्वास कोंडण्याचा प्रयत्न केला. १९२३ साली तिला जाचक अटींचा करार स्वीकारावा लागला, तरी ती तगली. एकाच घराचा पैसा असता तर तो त्या दरयुद्धात कितपत टिकला असता, याचा विचार करावा.

डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली, तेव्हा त्यांचा भागीदार होते म्हैसूरचे संस्थान. तीच संस्था आज हिंदुस्थान एअरोनॉटिक्स या नावाने ओळखली जाते. सोलापूरच्या गादीवरील सावकाराचा मुलगा विमानाच्या कारखान्यापर्यंत पोहोचला. या वाटेवर प्रत्येक टप्प्यावर त्यांना नवा भागीदार भेटला आणि प्रत्येक वेळी तो पूर्वीच्याहून निराळा होता.

सायकलचे दुकान, निवडुंगाचे माळरान आणि पायी फिरणारा विक्रेता

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. कुंडलच्या झरी पार्श्वनाथाच्या दर्शनास जाणारे आपल्यापैकी अनेकजण किर्लोस्करवाडी स्थानकावर उतरतात. या स्थानकाचे पूर्वीचे नाव कुंडल रोड होते.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९-१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्यांचे बंधू रामुअण्णा बेळगावात असत. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली खरेदी करून पाठवावयाच्या आणि रामुअण्णांनी त्या बेळगावात विकावयाच्या व गिऱ्हाइकाला चालवावयास शिकवावयाच्या, असा त्यांचा प्रारंभीचा व्यवहार होता. एकाला माल कोठे मिळतो ते ठाऊक, दुसऱ्याला गिऱ्हाईक कोठे आहे ते ठाऊक. किर्लोस्कर उद्योगाचे मूळ अशा छोट्या दुकानात आहे. पुढे बढतीच्या बाबतीत अन्याय झाल्यामुळे लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावात आले. कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर त्यांनी तयार केला.

नांगर झाला, परंतु घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडावयास सांगितली. कारखाना बंद पडण्याची वेळ आली असता औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेले, सापाविंचवांचे माळरान. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. रामुअण्णांनी गावाची आखणी केली. शंभोअप्पा जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशा सहकाऱ्यांनी आपापले काम उचलले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले.

पंतप्रतिनिधींनी हे दान म्हणून केले नाही, असे मला वाटते. लहान संस्थान, उत्पन्न बेताचे, जमीन बरीचशी पडीक. त्यांना आपल्या मुलुखात हाताला काम हवे होते. कारखानदाराला जमीन हवी होती. दोघांच्या गरजा एकमेकींत बसल्या. यालाच मी कल्पक भागीदारी म्हणतो. तिला दस्त असो वा नसो, दोन्ही पक्षांना काय मिळणार हे दोघांनाही स्पष्ट असले पाहिजे.

आता या कथेतील तिसरा माणूस. नांगर शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेला तो विक्रेत्यांनी, आणि त्या विक्रेत्यांत एक होते कुंभोजचे भाऊराव पायगौंडा पाटील, म्हणजेच आपले कर्मवीर. २२ सप्टेंबर १८८७ रोजी दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेले आणि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले भाऊराव किर्लोस्करांच्या नांगराच्या विक्रीसाठी गावोगाव फिरले. ब्राह्मण कारखानदार, जैन विक्रेता, मराठा व इतर समाजांतील शेतकरी असा तो व्यवहार होता. दुकानात बसून गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांना हे समजणे थोडे कठीण जाते. जी वस्तू घेण्यास लोक भितात ती विकावयाची तर लोकांच्या ओसरीवर जाऊन बसावे लागते, त्यांचे ऐकावे लागते.

भाऊरावांनी ते ऐकले. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मूळ अज्ञानात आहे, हे त्यांना या भ्रमंतीत दिसले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवतील अशी वसतिगृहे त्यांनी काढली. नांगर विकण्यासाठी पायाखाली घातलेल्या वाटा पुढे शाळांच्या उपयोगी पडल्या. एका व्यापारी भागीदारीतून किती दूरचे फळ निघू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

भागीदारी मोडते ती कोठे

भागीदारीची स्तुती करणे सोपे आहे. आमच्या पेठेत कोणालाही विचारा, तो सांगेल की भागीचे घोडे किवणाने मेले. या म्हणीत तथ्य आहे आणि ते अनुभवातून आलेले आहे. कर्मवीरांनीही पुढे साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या उभारणीत काम केले आणि मतभेद होऊन ते तेथून बाहेर पडले. मोठ्यांच्या भागीदाऱ्या जेथे मोडतात तेथे आपली गोष्ट काय?

माझीच गोष्ट सांगतो. १९९३ साली आम्ही तीन कापड दुकानदारांनी इचलकरंजीहून एकत्र माल आणावयाचे ठरविले. पॉपलिन, अस्तर आणि गणवेशाचे कापड. पूर्ण मालमोटार भरली की भाडे कमी पडे आणि यंत्रमागवाल्याकडून भावही बरा मिळे. दोन दिवाळ्या उत्तम गेल्या. गोदाम माझे मोठे असल्याने माल माझ्याकडे उतरत असे आणि गाठीही माझ्याकडेच प्रथम उघडत. तिसऱ्या वर्षी एकाने शांतपणे विचारले की चांगले रंग दर वेळी तुमच्याच फळीवर कसे दिसतात? मी रागावलो. मी चोरी केली नव्हती. परंतु गाठ कोणासमोर उघडावी, रंग कोणी आधी निवडावेत, न खपलेला माल कोणाचा, यांतले काहीही आम्ही लिहून ठेवले नव्हते. आणि जे लिहिलेले नव्हते त्याचा लाभ न कळत मी घेत होतो. दोष माझा होता, हे मान्य करावयास मला बरीच वर्षे लागली. आजही आम्ही एकमेकांच्या लग्नकार्यास जातो. त्या मालमोटारीचा विषय मात्र कोणी काढीत नाही.

वाणिज्य शाखेच्या पदवीसाठी भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ मी पाठ केला होता. त्याचा अर्थ मात्र मला या प्रसंगानंतर समजला. भागीदारांनी परस्परांशी न्यायाने व निष्ठेने वागावे आणि खरा हिशेब द्यावा, असे त्याचे कलम ९ सांगते. वेगळा करार नसेल तर नफा आणि तोटा दोन्ही समान वाटले जातात, असे कलम १३ सांगते. पुष्कळांना याची कल्पना नसते; ज्याने अधिक भांडवल घातले त्याला अधिक नफा, असे ते गृहीत धरतात आणि भांडण तेथूनच सुरू होते. पेढीची नोंदणी केली नसेल, तर कराराच्या पूर्ततेसाठी बाहेरच्या माणसावर पेढीला दावा लावता येत नाही, हे कलम ६९ चे सांगणे. तोंडी करार कायद्याला चालतो. परंतु तो माणसांना चालत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमीजास्त मापे ठेवणे आणि अस्सलाच्या नावे नकली माल देणे यांची गणना आहे. म्हणजे कुलूप फोडणे तेवढीच चोरी नव्हे. मापात, मोजण्यात, दाखविण्यात जो आपल्याकडे किंचित झुकतो, तोही व्रत मोडतो. माझ्या गोदामात उघडलेल्या गाठी मला येथे आठवतात.

आपल्या पेठेपुरते

आज पेठेतून फेरी मारली की बंद फळ्या मोजाव्या लागतात. तयार कपडे आले, मोठी दालने आली, मग घरबसल्या मोबाइलवर खरेदी आली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराची नवी पद्धत आली आणि २०२० च्या टाळेबंदीने उरलेसुरले बळ घेतले. मुले शिकून पुण्या-बंगळूरास गेली, ती दुकानावर परत येणार नाहीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु दुकान चालवू शकणारा दुसरा कोणी गावात नाहीच काय?

माझे दुकान टिकले त्याचे कारण सांगतो. आमच्या दुकानाच्या ओट्यावर वडिलांच्या काळापासून एक शिंपीकाका बसत. भाडे नाही, करार नाही. गिऱ्हाईक आमचे कापड घेई आणि ओट्यावर माप देई. तयार कपड्यांनी दोघांचेही गिऱ्हाईक नेले, तेव्हा काका एक दिवस म्हणाले, "शेठ, गिऱ्हाईक ओट्यावर येत नसेल तर आपण मापाला जाऊ." आम्ही शाळांमध्ये गेलो. कापड माझे, शिवण त्यांची, आणि या वेळी सर्व काही पहिल्याच दिवशी कागदावर लिहिले : दर, मुदत, बिघडलेल्या नगाचे नुकसान कोणी सोसावयाचे. आज त्यांचे चिरंजीव अनेक शिलाई यंत्रे चालवितात आणि जून महिन्यात मला त्यांच्या वेळेप्रमाणे माल द्यावा लागतो. पूर्वी ते माझ्या ओट्यावर होते. आता मी त्यांच्या वेळापत्रकावर आहे. यात मला कमीपणा वाटत नाही. फाटकांचे नाव पुढे होते, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून न्यासाच्या विश्वस्तांपुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपण विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतो, ती चालूच राहावी. त्याबरोबर आपल्या सभागृहात महिन्यातून एक सायंकाळ पेठेतील सर्व छोट्या व्यावसायिकांसाठी राखून ठेवावी. ज्याच्याकडे जागा आहे परंतु वारस नाही, आणि ज्याच्याकडे कसब आहे परंतु जागा नाही, अशांची तेथे गाठ पडावी. करारनाम्याचा साधा मसुदा, हिशेब तपासणारा एखादा जाणकार आणि तंटा झाल्यास समजूत घालणारे दोन पंच एवढी मदत न्यासाने करावी. पैसा घालण्याची गरज नाही. न्यासाची पत पुरेशी आहे. आणि ही सोय केवळ समाजबांधवांपुरती असू नये. तसे केल्यास १९७४ च्या त्या वहीतील निम्मी पाने आपण फाडून टाकल्यासारखे होईल.

अनेकांतवाद आपल्याला शिकवितो की एका दृष्टीला वस्तूची एकच बाजू दिसते. व्यापारातही तसेच आहे. सावकाराला भांडवल दिसते, कारागिराला वस्तू, विक्रेत्याला गिऱ्हाईक. तिघे एकत्र बसले तरच धंदा पूर्ण दिसतो. निर्वाण महोत्सवाच्या वेळी स्वीकारलेल्या जैन प्रतीकाच्या तळाशी जीवांनी परस्परांना साहाय्य करावे अशा अर्थाचे सूत्र आहे. ते आपण पत्रिकांवर छापतो. पुढील पन्नास वर्षांत ते पेठेतील दुकानांच्या फळ्यांवरही दिसावे, अशी भगवान महावीरांच्या चरणी प्रार्थना करून ही लेखणी पुन्हा खतावणीकडे वळवितो.

जय जिनेंद्र.